शाळेचा आराखडा : कपाटातला आणि कामाचा

‘आपत्ती व्यवस्थापन’ हा शब्द आता खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचला आहे. प्रश्न एवढाच, की कपाटात ठेवलेला आराखडा संकटाच्या घटकेला उपयोगी पडेल काय?

तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ बालके प्राणांस मुकली. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला, तो याच दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर.

परंतु आराखडा नुसता असूनही भागत नाही. जपानमधील ओकावा प्राथमिक शाळेकडे तो होता. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर तेथील मुले सुमारे पन्नास मिनिटे मैदानातच थांबून राहिली. मागे टेकडी होती. पण जायचे कुठे, याबाबत कागदावर ‘मोकळी जागा किंवा बाग’ एवढेच मोघम लिहिलेले. त्सुनामीने ७४ मुले आणि १० शिक्षक गिळले. आराखडा वेळीच सुधारला नाही, याबद्दल २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने शाळा व शिक्षण मंडळ यांना जबाबदार धरले.

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडचा तालुका समुद्रपूर. नावात समुद्र असला तरी त्सुनामीचे भय नाही. धडा मात्र तोच. येथील संकटे निराळी : टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यावर लोटणारी गर्दी, विदर्भाचे ऊन, पावसाळ्यातील वीज, खिचडीच्या चुलीची आग. आग लागली तर मुलांना वर्गातून मैदानात न्यायचे. वीज कडाडू लागली तर मैदानातून पक्क्या खोलीत आणायचे. दोन्ही वेळी एकच घंटा वाजली, तर ती घातच करील. दुसऱ्या गावाचा आराखडा उतरवून काढताना नेमके हेच सुटते.

म्हणून कागद एका पानाचा असला तरी चालेल. पण त्यात ठिकाण आणि माणूस नेमका हवा. हजेरीपट कोण उचलणार? पहिलीच्या आणि अपंग मुलांना कोण सांभाळणार? ११२ किंवा १०८ ला फोन कोण करणार? मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले असतील, तर हुकूम कोणाचा? धावत आलेल्या पालकांनी कोणत्या फाटकाशी थांबायचे?

आणि याची तालीम हवी. हाताने करून शिकण्याचा विचार १९३७ च्या शिक्षण परिषदेत वर्ध्यातच मांडला गेला होता. घरातल्या मुलाला एवढेच विचारा : शाळेत धोक्याची घंटा झाली, तर तू कुठे जाशील? तो गोंधळला, तर शाळेत जाऊन तोच प्रश्न गुरुजींना विचारा.