दबा की मुसंडी?

श्रावणात घोटीच्या आसपासच्या माळावर एअरसॉफ्ट किंवा पेंटबॉल खेळलेल्या कुणालाही विचारा. सर चालू असताना दहा पावलांवरून गेलेला माणूस ऐकू येत नाही, आणि धुकं उतरलं की दिसतही नाही. त्याच माळावर फाल्गुनात जाऊन पाहा. साग-ऐनाचा पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतो, कारवीची वाळकी काठी तुटली तरी पलीकडच्या बांधावरचा भिडू मान वळवतो. मैदान तेच आणि संघही तोच, पण पावसाळ्यात जिंकून देणारं दबकणं उन्हाळ्यात निव्वळ वेळ खातं.

तरीही आपल्या एअरसॉफ्ट आणि पेंटबॉलच्या संघांत एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘आमचा संघ वेगाचा’ किंवा ‘आमचा संघ लपूनछपून खेळणारा’. जणू हा रक्तगट आहे. मला ही सवय घातक वाटते. दबा धरणं आणि मुसंडी मारणं या एकाच खेळाडूने एकाच डावात अनेकदा करायच्या गोष्टी आहेत. कधी काय करायचं हे स्वभावाने नव्हे, समोरच्याला आपण दिसलो आहोत की नाही यावरून ठरवायचं असतं.

पेंटबॉलचा जन्मच एका वादातून झाला. शहरातला चलाख माणूस जंगलात टिकेल की जंगलात वाढलेला, यावर अमेरिकेतल्या दोन मित्रांचा वाद रंगला आणि 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जण रानात उतरले. हातात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी वापरली जाणारी पिस्तुलं होती. जिंकला तो लाकूडतोडीच्या धंद्यातला रिची व्हाइट, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. झेंडे गोळा करत तो कुणालाही न दिसता बाहेर पडला. दबकण्याच्या बाजूने हा दाखला नेहमी दिला जातो. पण त्या डावात प्रत्येक जण स्वतःपुरता खेळत होता आणि रान मोठं होतं, हे सांगायचं राहून जातं. शनिवार-रविवारच्या आपल्या वीस मिनिटांच्या डावात तेवढा निवांतपणा मिळत नाही.

वेगाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही थोडा हिशेब करावा. 0.20 ग्रॅमची, 6 मिलिमीटरची बीबी (एअरसॉफ्टची गोळी) नळीतून सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाने सुटली, तरी हवेच्या विरोधामुळे झपाट्याने मंदावते. 30 मीटर अंतर कापायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आडवा धावणारा खेळाडू सुमारे तीन मीटर पुढे गेलेला असतो, म्हणून त्याला टिपणं अवघड. दहा मीटरवर हाच वेळ सेकंदाच्या आठव्या भागावर येतो. आणि सरळ अंगावर धावून येणारा खेळाडू कितीही वेगात असला, तरी नेम धरणाऱ्याला तो जागचा हललेला दिसतच नाही, फक्त मोठा होत जातो. वेग उपयोगी पडतो तो आडवा आणि लांबून. समोरून नाकाच्या रेषेत धावणं हे धाडस नव्हे, समोरच्याची सोय आहे. सैन्यात एका आडोशाकडून दुसऱ्याकडे झेपावताना तीन ते पाच सेकंदांचीच धाव शिकवतात. बघणाऱ्याने बघावं, नेम लावावा आणि चाप ओढावा, यात तेवढा वेळ जातो. आपले खेळाडू मात्र दहा-दहा सेकंद उघड्यावर धावतात आणि ‘हिट’ झाल्यावर नशिबाला बोल लावतात.

बदलाचा क्षण कसा पकडावा, हे पाहायचं तर 6 मार्च 1673 च्या रात्रीचा पन्हाळा आठवावा. शिवाजी महाराजांच्या फौजेतला कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसांनिशी किल्ल्याचा कडा चढला. वर पोचेपर्यंत चिडीचूप. वर पोचल्यावर मात्र कर्णे फुंकून एकच हल्लकल्लोळ केला. किल्ल्यावरच्यांना वाटलं, मोठी फौज आत शिरली. शांततेने साठ माणसं वर आणली आणि गोंगाटाने त्यांची शेकडो केली. आपले बहुतेक डाव इथेच हातचे जातात. खेळाडू बराच वेळ पोटावर सरपटत शत्रूच्या झेंड्यापासून पंधरा पावलांवर पोचतो, कुणीतरी ‘तो बघा!’ म्हणून ओरडतं, आणि तो अजून दबकूनच राहतो. दिसल्यानंतर लपून राहण्यात काहीच हाशील नाही. त्या क्षणी उठायचं, आडवं धावायचं, आवाज करायचा. याउलट चूकही तितकीच होते. पहिल्या शिट्टीबरोबर धाव ठोकणारे, कुणी पाहिलेलंही नसताना स्वतःचा ठावठिकाणा सगळ्या रानाला सांगून मोकळे होतात.

दुसरा दाखला घोटीच्या शेजारचाच. इथून पूर्वेला, अकोले आणि सिन्नरच्या सीमेवर, पट्टा किल्ला आहे. नोव्हेंबर 1679 मध्ये जालना लुटून शिवाजी महाराज परतत होते. वेगाने गेलेली फौज येताना लुटीच्या ओझ्याने मंदावली होती. संगमनेरच्या बाजूला मोगलांनी गाठलं. लढाईत महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर पडले. पुढे महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने फौजेला पट्ट्यावर सुखरूप आणलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून तो विश्रामगड. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बहिर्जींचं वाटांचं ज्ञान. वेग ओझ्याने संपला होता, उघड्या मुलखात लपणं शक्य नव्हतं, आणि तरीही वाट होती, कारण कुणीतरी ती आधी पायाखाली घातली होती. आपल्याकडे खेळाडू अंगावर चार मॅगझिन, रेडिओ, पाण्याची पिशवी आणि जाडजूड जॅकेट चढवतो आणि मैदान मात्र शिट्टी वाजल्यावर पहिल्यांदा बघतो.

म्हणून संघाच्या कॅप्टनना माझा आग्रह आहे. डावाच्या आदल्या दिवशी मैदान चाला. कुठे पाचोळा आहे, कुठे उघडा कातळ, कुठल्या ओहोळात वाकून जाता येतं, दुपारी वारा कुठून येतो, हे टिपून ठेवा. पहाटेच्या दवात तोच पाचोळा मऊ असतो आणि अकरा वाजता वाजायला लागतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर धावणारा शत्रूच्या गोळीने नव्हे, मुरगळलेल्या घोट्याने बाद होतो. डोळ्याला आकार उशिरा कळतो, हालचाल आधी, म्हणून वेशभूषेपेक्षा स्थिर राहण्याचा सराव जास्त करा.

एका बाबतीत मात्र लपणं मला अजिबात मान्य नाही. आपण प्रतिस्पर्ध्यापासून लपतो, गावापासून नाही. भाताच्या खाचरांतून चाललेल्या बाईला अंगावर रानाच्या रंगाचे कपडे आणि हातात बंदुकीसारखं काही घेतलेला माणूस झुडपातून उठलेला दिसला तर तिची काय अवस्था होईल, याचा विचार आयोजकांनी आधी करायला हवा. जमीनमालकाची परवानगी, पोलीस पाटलाला आणि ठाण्याला आगाऊ कल्पना, मैदानाच्या चारी बाजूंना ठळक फलक, आणि गावातून जाताना सगळी हत्यारं पिशवीत बंद. डोळ्यांना चारी बाजूंनी घट्ट बसणारा गॉगल नसलेल्याला मार्शलने आत सोडू नये, मग तो कितीही जुना खेळाडू असो.

या महिन्यात प्रत्येक संघाने एक साधी गोष्ट करून पाहावी. एका खेळाडूला डोळे बांधून मैदानाच्या मध्यभागी बसवा. बाकीच्यांनी चारी दिशांनी त्याच्याकडे चालत जावं. ज्या अंतरावर तो आवाजाकडे बोट दाखवेल, ते पावलांनी मोजून लिहून ठेवा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तुमच्या मैदानाचे हे आकडे, ऋतू आणि जमिनीच्या वर्णनासह, आमच्याकडे पाठवा. आलेल्या नोंदी पुढच्या अंकात छापू.