विद्वत्तेवर सरकारी शिक्का

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अजूनही कित्येक घरांत चांदीचा राणीछाप रुपया ताम्हनात निघतो. राणी गेली, तिचे साम्राज्य गेले, त्या रुपयाला बाजारात कोणी चलन म्हणून हात लावणार नाही. तरी आजी तो चिंचेने घासून लख्ख करते आणि हळदकुंकू वाहते. का? तर आत चांदी आहे म्हणून. छाप राणीची होती, पण मोल चांदीचे होते. एवढी साधी गोष्ट आपल्या आज्यांना कळते. आपल्या शिक्षणक्षेत्रातील धुरीणांना मात्र ती अधूनमधून समजावून सांगावी लागते, आणि म्हणून हा लेखप्रपंच.

दर वर्षी कोठे ना कोठे बातमी येते: अमक्याचा प्रबंध उचललेला निघाला, तमक्याने तो पैसे देऊन लिहून घेतला. मग चार सज्जन हळहळतात आणि एक उपाय सुचवतात. ‘पीएच्.डी. देण्याचा अंतिम अधिकार विद्यापीठांकडून काढून घ्या. दिल्लीत एक सर्वोच्च समिती नेमा. प्रत्येक प्रबंध तिच्याकडे जाऊ द्या, आणि तिचा शिक्का पडल्यावाचून कोणाला डॉक्टर म्हणू नका.’ तीस वर्षे अध्यापन करताना हा उपाय मी इतक्या प्रामाणिक माणसांच्या तोंडून ऐकला आहे, की त्याची थट्टा करून भागणार नाही. त्याला उत्तरच दिले पाहिजे. आणि ते देणे सोपे आहे. कारण हा प्रयोग एका प्रचंड देशाने अर्धशतकाहून अधिक काळ करून पाहिला आहे. त्या देशाचे नाव सोव्हिएत रशिया.

क्रांतीनंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९१८ मध्ये, बोल्शेव्हिक सरकारने पदव्या आणि विद्वत्पदे यांचा एका फर्मानाने निकाल लावला. सगळे समान, तेव्हा कोणी डॉक्टर नाही आणि कोणी मॅजिस्टर नाही! कल्पना उदात्त होती. पण कारखाने, धरणे आणि प्रयोगशाळा उभ्या करायच्या तर जाणता कोण आणि बोलघेवडा कोण हे ओळखण्याची काही खूण लागतेच. तेव्हा जानेवारी १९३४ मध्ये त्याच सरकारने पदव्या परत आणल्या. त्या दोन होत्या: पहिली ‘कांदिदात’, म्हणजे शब्दशः विज्ञानाचा उमेदवार, आणि तिच्या वर ‘दोक्तोर’. कांदिदात ही सामान्यतः आपल्या पीएच्.डी.च्या बरोबरीची धरतात. तेथे शिकून आलेले आपले विद्यार्थी हीच पदवी घेऊन परतत. दोक्तोर ही त्याहून मोठी, आणि पुष्कळांना ती उतारवयातच लाभे.

आता या व्यवस्थेचा पूर्वार्ध पाहा. आणि मी आधीच सांगून टाकतो की तो मला मनापासून आवडतो. उमेदवाराने आपल्या प्रबंधाचा सारांश छापायचा. कांदिदातसाठी साधारण सोळा पानांची ही पुस्तिका असे आणि तिच्या शंभरएक प्रती ग्रंथालयांना व त्या विषयाच्या जाणकारांना आधीच धाडल्या जात. प्रबंधाच्या समर्थनाचा दिवस जाहीर होई. मॉस्कोच्या सायंदैनिकात तशा सूचना छापून येत. त्या दिवशी सभागृहात कोणीही येऊन बसावे. परीक्षकांना ‘परीक्षक’ असा गुळमुळीत शब्द नव्हता. त्यांना चक्क ‘विरोधक’ म्हणत. त्यांनी सर्वांदेखत उभे राहून प्रबंधावर बोलायचे, उमेदवाराने तेथल्या तेथे उत्तर द्यायचे. लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेई. शेवटी परिषदेचे सभासद गुप्त मतदान करीत, आणि दोन-तृतीयांश मते पडली तरच ठराव संमत.

याच्या शेजारी आपली मौखिक परीक्षा आठवा! ती सर्वांना खुली असावी असा नियम आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात बाहेरगावचे परीक्षक सकाळच्या गाडीने येतात, चहा होतो, दोन प्रश्न होतात, शाल-श्रीफळ होते आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होते. एका विद्यापीठात (नाव घेत नाही) अशा प्रसंगी मी श्रोत्यांत एकटा बसलो होतो; माझ्याकडे सर्वांनी अशा नजरेने पाहिले, की मी वाट चुकून आलो आहे असे मलाच वाटू लागले.

पण रशियातील गोष्ट या सभागृहात संपत नसे. येथून उत्तरार्ध सुरू होई, आणि तेथेच सारे पाणी मुरे. परिषदेने बहुमताने पदवी दिली तरी कागद मॉस्कोच्या सर्वोच्च प्रमाणन समितीकडे जात. रशियन आद्याक्षरांनी तिचे नाव होते ‘वाक’. आपल्याकडे वाक् म्हणजे वाणी. पण मराठीत ‘वाक’ हा आज्ञार्थही आहे, आणि त्या समितीच्या इतिहासाला तोच अधिक शोभतो. ही समिती प्रथम उच्चशिक्षण खात्याच्या छत्राखाली होती. १९७० नंतरच्या दशकात ती थेट मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत गेली. तिला वाटले तर ती प्रबंध आणखी एका तज्ज्ञाकडे पाठवी. त्याचे नाव उमेदवाराला कळत नसे. लोक त्याला ‘काळा विरोधक’ म्हणत. सभागृहातला विरोधक उजेडात, नावानिशी बोले; हा अंधारातून लिही.

याचे फळ काय झाले? एक उदाहरण वाङ्मयातले घेतो.

मिखाईल बाख्तिन हे नाव आज जगभर साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १९२९ साली या गृहस्थाला शिक्षा होऊन त्याची कझाकस्तानातील कुस्तानाय येथे हद्दपारी झाली. पुढे दुखण्याने एक पाय कापावा लागला. अशा अवस्थेत त्याने सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक राब्ले याच्यावर प्रबंध लिहिला. विषय होता हसणे! जत्रेतले, चव्हाट्यावरचे, शिमग्याच्या सोंगाचे हसणे. वर्षातून काही दिवस राजाला आणि धर्मगुरूला खाली ओढून सर्वांना एका पायरीवर आणणारे हसणे. १५ नोव्हेंबर १९४६ रोजी मॉस्कोच्या गोर्की जागतिक साहित्य संस्थेत त्याचे समर्थन झाले. बाख्तिनने मागितली होती साधी कांदिदात. पण तिन्ही विरोधक उठून म्हणाले, याला एकदम दोक्तोर द्या. परिषदेने कांदिदात एकमताने दिली. दोक्तोरसाठी सात मते अनुकूल आणि सहा प्रतिकूल पडली. म्हणजे पाहा, वाद झाला, मतभेद झाले, चुरस झाली. विद्येच्या घरात जे व्हावे ते सगळे त्या दिवशी झाले.

मग कागद ‘वाक’कडे गेले. १९४७ मध्ये एका सरकारी वृत्तपत्राने त्या प्रबंधावर तोंडसुख घेतले. १९४९ मध्ये समितीने प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला. बाख्तिनने तो दुरुस्त केला. तिघा विरोधकांपैकी नुसिनोव यांना त्याच वर्षी अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते तुरुंगातच वारले. अखेर १९५१ मध्ये निर्णय झाला आणि १९५२ मध्ये बाख्तिनच्या हाती प्रमाणपत्र पडले. ते कांदिदातचे होते. दोक्तोर नाकारली होती. जो प्रबंध जाणत्यांनी एका दिवसात ओळखला, त्याला शिक्का मारायला सहा वर्षे लागली, आणि शिक्का पडला तोही हात आखडून. तेच लेखन १९६५ साली ग्रंथरूपाने निघाले आणि थोड्याच वर्षांत अनेक भाषांत गेले. ‘वाक’ने कोणती पदवी दिली होती हे आज कोण विचारतो?

आता विज्ञानाकडे वळू. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोच्या कृषिविज्ञान अकादमीत लायसेंको याने जाहीर केले, की आपल्या भाषणाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची संमती आहे. झाले! आनुवंशिकताशास्त्र त्या क्षणी खोटे ठरले. त्याच महिन्यात उच्चशिक्षण मंत्र्याच्या हुकमाने त्या शास्त्राच्या अध्यापकांना विद्यापीठांतून हाकलण्यास आरंभ झाला. आणि ‘वाक’ तेव्हा याच खात्याच्या छत्राखाली होती! व्लादिमीर एफ्रोइम्सन या शास्त्रज्ञाने १९४७ साली आपल्या दोक्तोर प्रबंधाचे समर्थन केले होते. १९४९ मध्ये त्याला अटक झाली, १९५५ पर्यंत तो छावणीत होता, आणि दोक्तोर ही पदवी त्याच्या हाती पडली ती १९६२ मध्ये. या पंधरा वर्षांत जनुकांचे नियम काही बदलले नव्हते. बदलला होता तो शिक्का मारणाऱ्याचा धनी.

कोणी म्हणेल, ‘हा दोष स्टालिनचा, शिक्क्याचा नव्हे.’ हा आक्षेप वजनदार आहे. पण टिकत नाही. स्टालिन १९५३ मध्ये वारला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी ग्रिगोरी फ्रायमन या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. तो आधी हस्तलिखितांतून फिरला आणि १९८० मध्ये अमेरिकेत छापला गेला. ज्यू तरुणांचे गणितातील प्रबंध कसे अडवले जात, याची कैफियत त्यात आहे. स्टालिन नव्हता, छावण्यांचे दिवस सरले होते. अंधारातला अहवाल मात्र तसाच होता. त्याच सुमारास ‘वाक’ने एक मोठे शौर्याचे कृत्य केले: प्रबंध-समर्थनानंतर मेजवान्या देण्यास बंदी घातली! कोणाच्या बुद्धीला न्याय मिळाला आणि कोणाच्या नाही, यापेक्षा कोणाच्या ताटात काय वाढले यावर नजर ठेवणे कचेरीला नेहमीच सोपे जाते.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. ‘याच व्यवस्थेत रशियाचे भौतिकशास्त्र जगात अग्रेसर झाले, ते कसे?’ झाले, यात शंका नाही. याकोव झेल्दोविच या थोर शास्त्रज्ञाकडे विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती. तरी तो १९३६ मध्ये कांदिदात आणि १९३९ मध्ये दोक्तोर झाला. आपल्या नियमांच्या जंगलात त्याला प्रवेशअर्जही भरता आला नसता. पण त्याला ओळखले कोणी? ज्यांच्या शेजारी उभा राहून तो प्रयोग करीत होता त्यांनी. जेथे जाणत्यांचा शब्द मानला गेला तेथे शिक्क्याने अपाय केला नाही. जेथे तो मोडला गेला तेथे शिक्क्याने विद्येचा गळा धरला. मग उपकार कोणाचे मानायचे?

आणि चोरीचे काय? ज्या रोगासाठी हे औषध सुचवले जाते, तो तरी बरा झाला काय? सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. ‘वाक’ रशियात टिकून राहिली. तिचा शिक्का असलेल्या प्रबंधांमधली ढळढळीत उचलेगिरी २०१३ पासून ‘दिसेर्नेत’ नावाच्या स्वयंसेवक मंडळींनी उघडकीस आणली. त्यांनी केले काय? प्रबंध उघडले, शेजारी शेजारी ठेवले आणि वाचले. २०१७ मध्ये तेथील सांस्कृतिक मंत्री मेदिन्स्की यांची इतिहासातील पदवी काढून घ्यावी अशी शिफारस ‘वाक’च्याच तज्ज्ञ परिषदेने केली, वरच्या अध्यक्षमंडळाने ती मानली नाही. तज्ज्ञ खाली, शिक्का वर. एवढ्या एका वाक्यात माझा सगळा आक्षेप आला.

आपल्याकडे केंद्रीय यादीचा एक छोटा प्रयोग झालाच आहे. संशोधनपर नियतकालिकांची मान्य यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने केली; मे २०१८ मध्ये त्यातून ४,३०५ नियतकालिके एकदम वगळावी लागली. मग नवी यादी आली; २०२५ मध्ये तीही बंद केली. चार हजार नावे आत शिरली कशी? कारण यादी हाती आल्यावर ‘हे वाचले पाहिजे’ असे कोणाला वाटलेच नाही. वरच्या शिक्क्याचा खरा तोटा हाच आहे. मार्गदर्शक म्हणतो, परीक्षक पाहतील. परीक्षक म्हणतो, विद्यापीठ पाहील. उद्या विद्यापीठ म्हणेल, दिल्ली पाहील. आणि दिल्लीत इतके प्रबंध येतील, की तेथे फक्त पृष्ठसंख्या पाहतील.

तेव्हा माझे म्हणणे असे: रशियापासून घ्यायचेच असेल तर पूर्वार्ध घ्या. मौखिक परीक्षेची सूचना वर्तमानपत्रात छापा. सारांश आधी वाटा, आणि मराठीत वाटा. परीक्षकांचे अहवाल त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध करा; ज्याने वाईट प्रबंधाला ‘उत्कृष्ट’ म्हटले त्याचे नाव त्या प्रबंधाबरोबर राहू द्या. उत्तरार्ध मात्र मॉस्कोतच राहू द्या.

आणि घरोघरच्या वाचकांनो, यात तुमचेही काम आहे. ‘शोधगंगा’ या संग्रहात आपल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध घरबसल्या वाचायला मिळतात. या सुट्टीत आपल्या तालुक्यावर, आपल्या देवीच्या जत्रेवर, आपल्या पिकावर कोणी लिहिले आहे ते शोधा आणि चार पाने वाचा. आवडले तर त्या माणसाला पत्र लिहा. चुकले असेल तर तेही लिहा. तुमच्या घरातली मुलगी प्रबंध लिहीत असेल तर ‘डॉक्टर केव्हा होणार?’ हा प्रश्न तिला एक वर्ष विचारू नका. फराळाला बसल्यावर विचारा, ‘तुला सापडले काय?’ आणि ती सांगू लागली, की मध्येच ‘बरं, चकली घे’ म्हणून तिचे बोलणे तोडू नका. तिच्या आयुष्यातली पहिली खुली मौखिक परीक्षा तुमच्याच स्वयंपाकघरात होऊ द्या.