बटाटा आणि भुईमूग : एका वाफ्यातले दोन परदेशी

मागील अंकात कढीपत्त्याविषयी लिहिले, तेव्हा पुढचा विषय बटाट्याचा असेल असे मला वाटले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत बटाटा येत नाही. मग त्याच्या निगराणीची चर्चा या सदरात कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण माझा नातू.

तो बारा वर्षांचा. जूनमध्ये पुण्याच्या वसतिगृहात जायचे ठरलेले. एके दिवशी शाळेतून आला आणि म्हणाला, "आजोबा, मुले विचारतात, बटाटा जमिनीत येतो म्हणून खात नाहीस, मग शेंगदाणे कुठे येतात? मी काय सांगू?" मी ठोकून दिले, "अरे, शेंगा मुळाला लागत नाहीत." त्यावर त्याने विचारले, "तुम्ही पाहिलंय?"

बँकेच्या नोकरीत दोन्ही पिकांना मी कर्जे दिली. आंबेगाव तालुक्यात होतो तेव्हा सातगाव पठारावरचे बटाटा उत्पादक शेतकरी रोज समोर बसत. आकाश भरून आले की करप्याच्या भीतीने त्यांचे चेहरे उतरत. पण सगळे पाहिले ते टेबलाच्या अलीकडून. शेंग नेमकी कुठे धरते, हे मी मातीत वाकून कधी पाहिले नव्हते.

योगायोगाने आमचे भाडेकरू गुरुजी परसदारी बटाटा लावण्याची परवानगी मागत होते. आमच्या सौभाग्यवतींना ते फारसे रुचले नाही, परंतु नातवाच्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी मान्य केले. गुरुजींचे पीक निघाले की त्याच वाफ्यात मी भुईमूग लावायचा, असे ठरले.

दोन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेची. बटाटा पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरातला, उंच थंड डोंगरांतला. भुईमूग त्याच्या आग्नेयेकडील, दक्षिण बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिना या उष्ण पट्ट्यातला. दोघेही आपल्याकडे आले ते युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांच्या काळात. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगिजांनी दिला. पेरू देशात सिपान येथे १९८७ साली एका प्राचीन राजाचे थडगे उघडले, त्यात शेंगांच्या आकाराच्या मण्यांची माळ निघाली: एका बाजूला सोन्याच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या. सराफी पेढीवर बसणाऱ्या वाचकांनी ती माळ एकदा चित्रात तरी पाहावी.

या जन्मभूमीवरून निम्मी निगराणी कळते. बटाट्याला कंद भरण्यासाठी रात्रीचा गारवा हवा, म्हणून मोहोळसारख्या ठिकाणी तो नोव्हेंबरातच लावावा लागतो. उन्हे तापू लागली की कंद पोसत नाही. गुरुजींनी 'कुफरी पुखराज' हा लवकर येणारा वाण आणला. (रत्नाचे नाव आणि बटाट्याला! सौभाग्यवती हसल्या.) त्यांनी प्रत्येक बेण्याचे डोळे पाहून तुकडे केले, एकेका तुकड्यावर दोन-तीन डोळे राखले, आणि कापलेली बाजू सुकू देऊन लावले. महिन्याभराने रोपांना मातीची भर दिली. ही भर फार महत्त्वाची. कंद उघडा पडून उन्हात आला की हिरवा होतो आणि त्यात विषारी द्रव्य वाढते. असा बटाटा कोणीच खाऊ नये.

नातू रोज निरीक्षण करी. डोळ्यातून कोंब निघतो हे पाहिल्यावर गुरुजींनी त्याला समजावले, की बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीखालचे फुगलेले खोड आहे आणि प्रत्येक डोळा ही एक कळी आहे. एका बटाट्याची चार झाडे झालेली त्याने डोळ्यांनी पाहिली. अनंतकाय हा शब्द आम्ही घरात उच्चारतो; त्या दिवशी तो नातवाला प्रथमच काहीसा उमगला असावा, असे मला वाटते.

फेब्रुवारीच्या आरंभी वाफा रिकामा झाला. आमची माती काळी, चिकट. भुईमुगाला हलकी, भुसभुशीत हवी. दोन पाट्या सीनेची वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले. दाणे पेरणीच्या आदल्या दिवशी फोडले, वरचे लाल साल सांभाळले, रायझोबियम लावले आणि दोन इंच खोल, फूटभर अंतराच्या ओळींत टोकले. बटाट्याला जो उन्हाळा मारक, तोच याला मानवतो. मात्र पाणी वेळेवर हवे.

महिन्याभराने पिवळी फुले आली आणि आम्ही दोघे सकाळी खाली बसून पाहू लागलो. फूल उन्हात, पानांच्या बेचक्यात उमलते. ते कोमेजले की त्याच जागेवरून एक टोकदार देठ निघतो, आपले शेतकरी त्याला 'आरी' म्हणतात, आणि तो वाकून मातीत शिरतो. शेंग धरते ती या आरीच्या टोकाला, मातीत गेल्यावर. म्हणजे वर उमललेल्या फुलाचेच हे फळ, फक्त अंधारात वाढलेले. मुळांवर गाठी असतात, पण त्या नत्राच्या. नातवाने एक आरी हलकेच उकरून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं बरोबर होतं." माझे बरोबर होते, पण ते ऐकीव होते.

येथे माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगतो. तण दिसले म्हणून वाफ्याच्या एका कडेला मी खुरपे घातले. आऱ्या सुटल्यानंतर माती हलवायची नसते, त्या तुटतात. ती ओळ जवळपास पोकळ निघाली. बटाट्याला भर देण्याची सवय भुईमुगाला अशी भोवते. तण काढायचे ते आऱ्या सुटण्यापूर्वीच. त्याच वेळी मूठ-दोन मुठी जिप्सम ओळींलगत टाकावे, कारण शेंगेला लागणारे कॅल्शियम ती मुळांकडून घेत नाही, स्वतःच्या सालीतून मातीतून शोषते. हे न मिळाले तर टरफल मोठे आणि आत दाणा नाही.

मेअखेर पाने पिवळी पडली. एक शेंग फोडून पाहिली. टरफलाची आतली बाजू काळपट झाली होती, म्हणजे पीक तयार. झाडे उपटली, शेंगा आठवडाभर उन्हात वाळवल्या; हलवली की दाणा वाजला पाहिजे. भुसाराचा व्यापार करणाऱ्यांना हे सांगणे आगाऊपणाचे आहे, तरी सांगतो: ओलावा आठ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असते. भाजून ते जात नाही. खवट, सुरकुतलेला, काळवंडलेला दाणा निवडून टाकावा. पाच-दहा रुपयांचा मोह करू नये.

उपटताना नातवाने माझी अडचण पुन्हा केली. मातीच्या ढेकळाबरोबर दोन गांडुळे वर आली. तो म्हणाला, "बटाटा काढतानाही अशीच आली होती. मग इथे फरक कुठे राहिला?" मी म्हणालो, कंदात आणि बीजात फरक आहे, तो तू पाहिलास, गांडुळांच्या बाबतीत नाही. त्याने ती उचलून पेरूच्या झाडाखाली ओलाव्यात ठेवली आणि मग उरलेली झाडे स्वतः उपटली, हळू, एकेक. आम्हाला दुपारचे दोन वाजले.

जूनमध्ये तो पुण्याला गेला. मेसमधला आचारी म्हणे प्रत्येक भाजीत बटाटा घालतो. हा तो बाजूला काढून ठेवतो. मुलांनी विचारले का, असे मी फोनवर विचारले. "विचारलं. मी आरीचं चित्र काढून दाखवलं," एवढेच म्हणाला, आणि आजीला फोन द्या म्हणाला. आजीने उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, अर्थात लसणाविना, जिरे आणि तिखट घालून, काल पार्सलने पाठवली. त्या सोळा ओळींचे उत्पन्न दोन डब्यांत मावले. पुढच्या वर्षी वाफा वाढवावा लागणार.