उपपदांच्या दरबारी

वार्तापत्राच्या इंग्रजी विभागासाठी मजकूर मागितला की, ज्यांनी येथील कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे इंग्रजीतच कारभार केला असे आपले विद्वान सभासददेखील मसुदा हाती देताना ‘तेवढे ए आणि द पाहून घ्या’ असे ओशाळून सांगतात. आणि हा संकोच अज्ञानापोटी नसून दोन भाषांच्या भिन्न प्रकृतीतून उद्भवलेला असल्यामुळे त्याचा यथामती खुलासा करणे अगत्याचे वाटते.

इंग्रजीतील ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे मराठीत नाहीत; पण उपपदावाचून संस्कृतचेही अडले नाही, लॅटिनचे नाही, रशियन वा जपानीचेही नाही. मात्र म्हणून निश्चितता दर्शविण्याची सोय मराठीत नाही, असे कोणी समजू नये. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ म्हणणाऱ्याला कोणीही डॉक्टर चालतो. ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ म्हणणाऱ्याच्या मनात विशिष्ट व्यक्ती असते. हे काम मराठी कधी प्रत्ययावर, कधी शब्दक्रमावर आणि बहुतांशी ऐकणाराच्या समजुतीवर सोपविते. इंग्रजीत मात्र ही वस्तू ऐकणाराला ठाऊक आहे किंवा कसे, याचा निवाडा बोलणाराला नाम उच्चारण्यापूर्वीच करावा लागतो, आणि ज्याच्या जिभेला बालपणी ते वळण लागले नाही त्याला सारे नियम मुखोद्गत असूनही ऐन वेळी तो निवाडा सुचत नाही. त्यातून नियम तरी एकसूत्री असावेत! थेम्स नदीला ‘द’ लागतो, एव्हरेस्ट शिखराला लागत नाही. आजारी मनुष्य लंडनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो, तर न्यूयॉर्कमध्ये ‘इन द हॉस्पिटल’. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या माणसाने दाद मागावी ती कोणाकडे?

अनेकवचनाचा मामला याहून चमत्कारिक आहे. लाडू, डोंगर, हत्ती किंवा शाळा, एक असो वा शंभर, प्रथमेत त्यांचे रूप पालटत नाही. तेव्हा आकडा सांगून झाल्यावर पुन्हा ‘एस’ कशाला, ही शंका मराठी कानाला येणे स्वाभाविकच. शिवाय काय मोजावे आणि काय मोजू नये, याबद्दलही दोन्ही भाषांचे मतैक्य नाही. आपले केस पिकतात, तांदूळ महाग होतात, सल्ले तर आपण मुबलक देतो. इंग्रजीत ही तिन्ही नामे सामान्यतः एकवचनीच चालतात, आणि आपली एकुलती एक कात्री मात्र तिकडे अनेकवचनात जाते. उलट वडील एकटेच आले तरी आपण ‘वडील आले’ म्हणतो, कारण आपले अनेकवचन संख्येइतकेच आदराचेही चाकर आहे.

भाषांचा हा भेद दोन्हीकडून आडवा येतो; येथे जन्मलेली मुले लिंग चुकवून ‘माझा पुस्तक’ म्हणतात तेव्हा हसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, आणि आजोबांचा गळालेला ‘द’ चारचौघांत दुरुस्त करणाऱ्या नातवंडांनी, एवढा विचार अवश्य करावा.

पुढील अंकासाठी लेखन पाठविताना कोणीही उपपदांच्या धास्तीने मजकूर अडवून ठेवू नये. ती दुरुस्ती संपादक मंडळ बिनतक्रार करील; अनुभव मात्र ज्याचा त्यानेच लिहावयास हवा.