गरिबाच्या हाती यंत्र की यंत्राच्या हाती गरीब?

दळणवळणाची नवी साधने आली की दारिद्र्य आपोआप हटेल, अशी श्रद्धा राज्यकर्त्यांत आणि, कबूल केले पाहिजे, आम्हां सुशिक्षितांतही बळावली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ पासून मोबाइल फोन पोहोचू लागला. त्याने कोळ्यांच्या व्यवसायात कोणता पालट घडविला, यासंबंधीचा अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी एका बंदरावर गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकून द्यावी लागे आणि त्याच वेळी जवळच्या दुसऱ्या बंदरावर तिची टंचाई असे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले. नासाडी थांबली, त्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

यातील मर्म ध्यानी घेतले पाहिजे. येथे प्रश्न विचारणारा गरीब होता आणि उत्तर ऐकून होडी कोठे वळवायची हे ठरविणाराही तोच होता.

शिधावाटपाच्या दुकानात मात्र याच्या नेमके उलट घडते. तेथे प्रश्न यंत्र विचारते आणि उत्तर गरिबाच्या अंगठ्याने द्यावयाचे असते. विटा वाहून ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्याची ओळख यंत्राला पटत नाही; कधी गावात रेंजच नसते. बनावट शिधापत्रिकांना आळा बसावा, हा हेतू रास्त आहे. याच व्यवस्थेमुळे स्थलांतरित मजुराला परगावीही धान्य घेता येते, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु चोरासाठी लावलेल्या जाळ्यात भुकेलेलाच अडकत असेल, तर ते जाळे सदोष म्हटले पाहिजे. यंत्राने ओळख पटविली नाही एवढ्यावरून खऱ्या गरजूला लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये बजावले. तथापि "उद्या या" हे दुकानदाराचे शब्द अद्याप विरलेले नाहीत. आणि हातावर पोट असणाऱ्याचा तो 'उद्या' म्हणजे आणखी एक बुडालेला रोज होय.

यावर उपाय दुर्घट नाही. अंगठा जुळला नाही, तर वहीत नोंद करून धान्य त्याच दिवशी दिलेच पाहिजे. यंत्रावर किती व्यवहार झाले, हे सरकार अभिमानाने सांगते. किती माणसे रिकाम्या पिशवीने परतली, हेही दरमहा, दुकानवार जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.