वर्षातली तुमची नंबर एक सिरीज कोणती? टीआरपी, व्ह्यूज आणि तुमची स्वतःची यादी

डिसेंबर संपत आला की मोबाईलवर याद्यांचा पाऊस सुरू होतो. २०२५ मधल्या टॉप १० सिरीज, या वर्षी सगळ्यात जास्त बघितलेले शो, चुकवू नये अशा ५ मालिका... याद्या चाळताना बहुतेकांचं दोन गोष्टींपाशी अडतं. एक तर त्यातल्या निम्म्या सिरीज आपण बघितलेल्याच नसतात. आणि जी आपल्याला मनापासून आवडली, ती यादीत कुठेच नसते. मग प्रश्न पडतो की आपली आवड इतकी जगावेगळी आहे का?

तसं काही नाही. या याद्या ज्या आकड्यांवरून बनतात, ते आकडे आवड मोजतच नाहीत. टीआरपी एक गोष्ट मोजतो, नेटफ्लिक्सचे व्ह्यूज दुसरी आणि आयएमडीबीची लोकप्रियता तिसरीच. तरीही कोणती मालिका चालू राहणार, कुठल्या सिरीजचा पुढचा सीझन येणार आणि जाहिरातीचा पैसा कुठे जाणार, हे बऱ्याच अंशी अशाच आकड्यांवर ठरतं. म्हणून हे आकडे कसे बनतात ते आधी समजून घेऊ आणि मग आपली स्वतःची यादी कशी करायची ते बघू.

टीआरपी : शितावरून भाताची परीक्षा

भारतात टीव्हीचं रेटिंग देण्याचं काम बार्क ही संस्था करते. काही निवडक घरांत टीव्हीजवळ एक मीटर बसवलेला असतो. चॅनेलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारा एक कोड मिसळलेला असतो. मीटर तो कोड ओळखतो आणि कोणतं चॅनेल किती वेळ चालू होतं याची नोंद करतो. टीव्हीसमोर नेमकं कोण बसलंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. आपण बसलो की आपलं बटण दाबायचं.

आता आकडे बघा. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने रेटिंगच्या नियमांत बदल सुचवले, तेव्हा दिलेल्या माहितीनुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी आहेत आणि मीटर सुमारे ५८,००० घरांत आहेत. म्हणजे साधारण ४,००० घरांमागे एक मीटर, टक्केवारीत ०.०२५.

एवढ्यावरून अख्ख्या देशाची आवड कशी कळणार, असं लगेच वाटतं. पण नमुना लहान आहे म्हणून तो चुकीचाच असतो असं नाही. भात शिजला का हे आपण एका शितावरूनच बघतो. फक्त त्यासाठी पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. देशपातळीवरच्या मोठ्या हिंदी मालिकेला ५८,००० घरं पुरतात. पण प्रश्न एका राज्याचा, त्यातल्या एका भाषेचा, त्यातल्या एका वयोगटाचा झाला की हाताशी उरलेली घरं भराभर कमी होतात. मग थोड्याच घरांनी चॅनेल बदललं तरी आकडा हलतो.

दुसरी अडचण तुमच्या-माझ्याशी थेट संबंधित आहे. स्मार्ट टीव्हीवरच्या अ‍ॅपवर किंवा मोबाईलवर बघितलेलं या मोजणीत नीट येत नाही, हे मंत्रालयानेही तेव्हा म्हटलं होतं. समजा, आजी 'ठरलं तर मग' टीव्हीवर बघते आणि तोच भाग तुम्ही दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना लोकलमध्ये मोबाईलवर बघता. घरात मीटर नसेल तर टीआरपीच्या हिशोबात तुम्ही दोघंही नाही. मीटर असेल तर आजी आहे, तुम्ही नाही. नोव्हेंबर २०२५ च्या सुधारित मसुद्यात मीटरची घरं टप्प्याटप्प्याने १,२०,००० पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. घरं वाढली तर शितं वाढतील. पण मोबाईलचा डबा त्या पातेल्यात आला नाही, तर तरुण प्रेक्षक मोजणीबाहेरच राहील.

नेटफ्लिक्सचे व्ह्यूज : एका भागाकाराची कमाल

ओटीटीवर मीटरची गरज नाही. तुम्ही कधी प्ले केलं, कुठे थांबवलं, हे अ‍ॅपला माहीत असतं. मग इथे तरी गोंधळ नसेल? आहे. तो 'बघितलं' म्हणजे काय, या प्रश्नात आहे.

एके काळी एखादी गोष्ट किमान २ मिनिटं बघितली तरी नेटफ्लिक्स ती 'बघितली' असं धरायचं. २०२१ मध्ये त्यांनी एकूण तास मोजायला सुरुवात केली. त्यात लांबलचक सिरीजना आयता फायदा व्हायचा. म्हणून जून २०२३ पासून नवं गणित आलं. एकूण बघितलेले तास भागिले सिरीजची लांबी, म्हणजे व्ह्यूज. नंबर ठरवण्यासाठी रिलीजनंतरचे पहिले ९१ दिवस धरले जातात.

या भागाकाराने काय होतं बघा. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन सुमारे १३ तासांचा आहे. तो ९१ दिवसांत जवळपास १८४ कोटी तास बघितला गेला. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'अ‍ॅडोलसन्स'चे चारच भाग, सगळे मिळून पावणेचार तासांच्या जरा वर. ती सुमारे ५५ कोटी तास बघितली गेली. तासांत मोजलं तर 'स्ट्रेंजर थिंग्ज' तिपटीने पुढे. पण भागाकार केला की 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे होतात १४.०७ कोटी व्ह्यूज आणि 'अ‍ॅडोलसन्स'चे १४.२६ कोटी. म्हणजे 'अ‍ॅडोलसन्स' पुढे!

यातलं कोणतं गणित खरं? दोन्ही खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. लोकांचा किती वेळ गेला, याचं उत्तर तासांत मिळतं. साधारण किती वेळा पूर्ण बघून होईल एवढं बघितलं गेलं, याचं उत्तर व्ह्यूजमध्ये. तुम्ही अर्धी बघून सोडली आणि मीही अर्धी बघून सोडली, तरी दोघांचा मिळून एक व्ह्यू होतो. आवडली नाही म्हणून सोडली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

नेटफ्लिक्स निदान आकडे जाहीर तरी करतं. सगळे ओटीटी तसं करत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मराठी सिरीज आली. आशुतोष गोवारीकर, सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी तगडी मंडळी त्यात होती. नेटफ्लिक्ससारखी दर आठवड्याची यादी तिथे नसते, त्यामुळे ती किती जणांनी बघितली याची तुलना बाहेरून कोणालाच करता येत नाही. मराठी सिरीज चालतात की नाही, या वादात दोन्ही बाजू अंदाजाने बोलतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आयएमडीबी : कुतूहल म्हणजे आवड नव्हे

आयएमडीबीची वर्षाची लोकप्रिय सिरीजची यादी दरवर्षी गाजते. ती मुख्यतः पेज व्ह्यूजवर बनते, म्हणजे त्या सिरीजचं पान किती लोकांनी उघडलं यावर. २०२४ च्या भारतीय सिरीजच्या यादीत 'हीरामंडी' पहिली, 'मिर्झापूर' दुसरी आणि 'पंचायत' तिसरी होती. पण त्याच साइटवर प्रेक्षकांनी दिलेले गुण बघितले तर 'पंचायत' १० पैकी ९ च्या जवळ आणि 'हीरामंडी' ६ च्या आसपास.

यात विसंगती काही नाही. ही कोण अभिनेत्री, किती भाग आहेत, खरी गोष्ट आहे का, असं काही शोधायला आपण पान उघडतो. भांडण बघायला जमलेली गर्दी म्हणजे भांडण आवडणारी गर्दी नसते. यादीच्या शीर्षकात 'लोकप्रिय' असलं की आपण मात्र ते 'आवडती' असं वाचतो.

स्वतःची यादी कशी कराल?

आठवणीवर विसंबून यादी केली की शेवटच्या दोन महिन्यांतल्या सिरीज वर येतात आणि जानेवारीतल्या विसरल्या जातात. त्यामुळे आधी स्वतःचा डेटा काढा.

नेटफ्लिक्स ब्राउझरमध्ये उघडा. खात्याच्या सेटिंगमध्ये आपली प्रोफाइल निवडा, तिथे 'व्ह्यूइंग अ‍ॅक्टिव्हिटी' उघडा आणि तळाशी 'डाउनलोड ऑल' दाबा. सीएसव्ही फाइल मिळेल, ती गुगल शीट्समध्ये उघडते. प्रत्येक ओळीत भागाचं नाव आणि तारीख असते. किती मिनिटं बघितलं, कोणत्या डिव्हाइसवर बघितलं, हेही हवं असेल तर खात्यातूनच वैयक्तिक माहितीची पूर्ण प्रत मागवता येते, ती यायला काही दिवस लागू शकतात. यूट्यूबचा इतिहास गुगल टेकआउटमधून मिळतो.

मग प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारा.

१. शेवटपर्यंत बघितली का? आणि किती दिवसांत? दोन रात्रींत संपवलेली आणि तीन महिने रखडलेली, यातला फरक तारखांवरून लगेच दिसतो.

२. आज त्यातला एखादा प्रसंग डोळ्यांसमोर येतो का?

३. कोणाला तरी स्वतःहून 'बघ' म्हणून सांगितली का?

४. ती खरंच या वर्षाची आहे का? 'स्क्विड गेम'चा दुसरा सीझन २६ डिसेंबर २०२४ ला आला, अनेकांनी तो २०२५ मध्ये संपवला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा भाग भारतात १ जानेवारी २०२६ च्या सकाळी आला. वर्ष रिलीजवरून धरायचं की बघून संपवल्यावरून, हे आधीच ठरवा. मी बघून संपवल्यावरून धरतो.

माझी २०२५ ची यादी

१. अ‍ॅडोलसन्स. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. १३ वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आहे आणि इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा अर्थ पोलिसांनाही कळत नाही, आई-बाबांनाही नाही. संपल्यावर मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

२. महाराष्ट्राची हास्यजत्रा. यूट्यूबच्या इतिहासात सगळ्यात जास्त ओळी याच्याच निघाल्या. बहुतेक दहा-दहा मिनिटांचे तुकडे, जुने-नवे मिसळून. एकही भाग सलग बघितला नाही, तरी मित्रांना सगळ्यात जास्त पाठवलं ते हेच.

३. पाताल लोक, दुसरा सीझन. गोष्ट नागालँडला जाते, पण लक्षात राहतो तो थकलेला हाथीराम.

४. ब्लॅक वॉरंट. १९८० च्या दशकातलं तिहार, एका नवख्या जेलरच्या नजरेतून.

५. द पिट. हॉस्पिटलमधली एक शिफ्ट, १५ भाग, प्रत्येक भाग त्या शिफ्टचा एक तास. रखडत बघितली, म्हणून पाचवी. पण सोडवली नाही.

या यादीतली दुसरी ओळ बघून मला स्वतःलाच नवल वाटलं. नुसतं आठवून यादी केली असती तर हास्यजत्रा त्यात आलीच नसती. तुकड्यांत बघितलेलं आपण 'बघितलं' असं धरतच नाही. मापं घेणाऱ्यांना नावं ठेवताना ही चूक आपणही करतो.

आता यातून करायचं काय? घरात एकच खातं असेल तर निदान आपली प्रोफाइल वेगळी ठेवा, नाहीतर आजीची मालिका आणि तुमची थ्रिलर मिळून अ‍ॅपला तिसराच प्रेक्षक दिसतो. मराठी सिरीज आवडली तर शेवटपर्यंत बघा आणि अंगठ्याचं बटण दाबा. ओटीटीला तुमची आवड अशाच गोष्टींवरून कळते. आणि पुढच्या वेळी 'सर्वात लोकप्रिय' अशी यादी दिसली, की आधी खाली बारीक अक्षरांत बघा की त्यांनी मिनिटं मोजलीत, तास मोजलेत की क्लिक.