ओलावामापक आधी बगॅसच्या पट्ट्यावर बसवा



वजनकाट्यावर दहा किलोचा फरक पडला तरी आपण लगेच हटकतो, आणि ते योग्यच आहे. पण गाळपानंतर बॉयलरकडे जाणाऱ्या बगॅसमधून किती साखर जळते, हे विचारतो कोण? सूक्ष्मलहरींवर, म्हणजे मायक्रोवेव्हवर चालणाऱ्या ओलावामापकांची चर्चा आता सभासदांतही होते. आमचे स्पष्ट मत असे, की हे यंत्र घ्यायचेच तर पहिल्यांदा शेवटच्या मिलपुढे, बगॅसच्या पट्ट्यावर बसवावे.

हिशेब साधा आहे. 100 टन उसामागे 28 ते 30 टन बगॅस निघते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी, आणि त्या पाण्यात राहिलेली साखर. ही साखर 2 टक्क्यांवरून 1.7 टक्क्यांवर आणली, तर 30 टनांमागे 90 किलो साखर रसात येते. सगळी पोत्यात उतरत नाही हे खरे. तरी 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. ही रक्कम आपल्याच बिलातली आहे. शिवाय कोरड्या बगॅसने बॉयलर चांगला पेटतो, ते वेगळेच.

आज नमुना भट्टीत वाळवून ओलावा काढतात. उत्तर हाती येईपर्यंत कितीतरी ऊस मिलमधून निघून गेलेला असतो. मग रोलर आवळायचे की वरून सोडायचे पाणी कमी-जास्त करायचे, हे वेळेवर कसे ठरणार? सूक्ष्मलहरींचे यंत्र जागच्या जागी सांगते, कारण विजेच्या क्षेत्राला पाणी फार जोराने प्रतिसाद देते. हवेचा आकडा 1 धरला, तर वाळलेल्या लाकडाचा दोन-तीन, आणि 20 अंश सेल्सिअसच्या पाण्याचा 80. ओलावा थोडा बदलला तरी लहर मंदावते आणि क्षीण होते. यंत्र तेच मोजते.

आता विक्रेते सांगतात, "आमचे यंत्र फार संवेदनशील." पण संवेदनशील कशाला? लहरींचे क्षेत्र जिथे सर्वांत दाट, तिथे माल आणला की फरक ठळक दिसतो. तंबोऱ्याची तार स्वच्छ लागली की बारीक बेसूरही कळतो, तसा यंत्राचा अनुनाद जितका अरुंद, तितका लहान बदल कळतो. पण तीच तार ओल्या फडक्यात गुंडाळली तर आवाजच येत नाही. निम्मे पाणी असलेल्या बगॅसमध्ये नाजूक अनुनादकाचे असेच होते. म्हणून तिथे लहर मालातून आरपार सोडून मोजणे जास्त सोयीचे.

दुसरे, यंत्र ओलाव्यासोबत उष्णतेलाही दाद देते. 80 अंशाला पाण्याचा तोच आकडा 61 च्या आसपास उतरतो, आणि मिलवर आपण गरम पाणी सोडतो. पट्ट्यावरचा थर जाड-पातळ झाला तरी आकडा हलतो. यावर उपाय आहे. लहर किती क्षीण झाली आणि किती मागे पडली, ही दोन्ही मापे एकत्र घेतली की थराच्या घनतेचा परिणाम बराचसा वजा होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील क्राशेव्स्की आणि नेल्सन यांनी धान्यासाठी असेच काम केले. तापमापक जोडून उष्णतेची दुरुस्तीही करता येते. एवढे झाले तरच संवेदनशीलता कामाची, नाहीतर नव्याचे नऊ दिवस.

काही सभासद म्हणतात, यंत्र गाडीवरच लावा आणि ज्याचा ऊस गोड त्याला जादा भाव द्या. भावना रास्त आहे. पण मोळीत पाचट, माती, हवा सगळेच असते. उसात 70 टक्क्यांच्या आसपास पाणी. लहरीला दिसते ते मुख्यतः पाणी, साखर नव्हे. अशा आकड्यावर कुणाचे बिल ठरवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. एक हंगाम यंत्र चाचणीवर घ्यावे. त्याचा आकडा रोज भट्टीच्या आकड्याशी ताडून दोन्ही गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावेत. आणि हंगाम संपल्यावर बगॅसमधली साखर किती घटली, हे पाहूनच खरेदी करावी. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा. काट्याइतकीच नजर आता पट्ट्यावरही हवी.